‘सरासरी’ला प्रश्न विचारणारे सुखात्मे

निरोगी माणसाला रोज किती अन्न लागते, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा. मात्र देशात उपाशी किती आणि गरीब किती, हे त्याच्याच उत्तरावर ठरते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हा प्रश्न संख्याशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे २७ जुलै १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० पासून त्यांनी कृषी संशोधन परिषदेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा वाहिली. निवडक शेतांतील ठरावीक तुकड्यांवरचे पीक कापून, तोलून उत्पादनाचा अंदाज बांधण्याची पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला रुजू झाले. तेथे सुमारे दोन दशके त्यांनी जगाच्या भुकेचा हिशेब मांडला. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

‘सरासरी माणूस’ ही कल्पना बेल्जियमच्या केटले यांनी १८३५ मध्ये मांडली होती. पुढे सरासरीलाच आदर्श मानण्याची सवय समाजाला आणि वैद्यकालाही जडली. भारतातही तेच घडले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्य मोजण्यासाठी दरडोई रोज २,२५० उष्मांकांचा निकष धरला. सुखात्मे यांचा आक्षेप नेमका येथे होता. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारी अनेक माणसे धडधाकट असतात. इतकेच नव्हे, तर एकाच निरोगी माणसाचा आहारही काळानुसार कमी-अधिक होतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने, म्हणजे नैसर्गिक चढउताराची मर्यादा वजा करून त्याखालच्यांनाच उपाशी गणावे, असे त्यांनी सुचवले.

या मांडणीने उपाशी आणि गरिबांचा आकडा एकदम खाली येत असे. साहजिकच वादळ उठले. दांडेकरांनी विरोध केला, आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनीही टीका केली. कमी अन्नात तगून राहणे म्हणजे आरोग्य नव्हे, खुरटलेल्या देहाला निरोगी ठरवले तर शासनाची जबाबदारीच संपते, हा टीकेचा रोख होता. हे भय अनाठायी नव्हते. मात्र केवळ धान्य वाढवून भागणार नाही, शुद्ध पाणी आणि स्वच्छताही हवी, हा सुखात्मे यांचा आग्रह त्या गदारोळात झाकोळला गेला.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रश्न मात्र उरला आहे. धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर असो वा मुंबईतील वस्ती, अंगणवाडीत बालकाचे वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर नोंदवले जाते. मध्याच्या खाली दोन प्रमाण विचलनांची रेषा ओलांडली की बालक कमी वजनाचे ठरते. रेषा फार खाली ओढली तर भुकेले मूल निसटते. फार वर ओढली तर धडधाकट मूलही आजारी ठरते. ती कोठे ओढायची, हा निर्णय एकट्या गणिताचा नसतो, हेच या वादाचे सार आहे.