खपली गव्हाचा रानटी पूर्वज शोधणारे आरोन आरोनसन कोण होते?

सांगली, साताऱ्यापासून बेळगावपर्यंत खपली गहू पिढ्यानपिढ्या पेरला जातो. खीर आणि पुरणपोळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गव्हाला अलीकडे शहरांतही मागणी वाढली आहे. मात्र या खपलीचा जंगली पूर्वज आजही माणसाने न पेरता उगवतो, हे अनेकांना ठाऊक नसते. इस्रायलपासून तुर्कस्तानपर्यंतच्या डोंगरउतारांवर तो गवतासारखा वाढतो. १९०६ मध्ये आरोन आरोनसन या तरुण कृषितज्ज्ञाने तो तिथे उगवत असताना शोधून काढला. इतिहासात मात्र त्यांचे नाव जास्त गाजले ते हेर म्हणून.

छोट्या देशात एवढ्या वनस्पती कशा?

आजच्या इस्रायलचे क्षेत्रफळ सुमारे २२ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रात असे जवळपास चौदा देश मावतील. तरीही तिथे अडीच हजारांहून जास्त प्रकारच्या स्थानिक वनस्पती आढळतात.

याचे कारण भूगोलात आहे. उत्तरेला बर्फ पडणारा हर्मोन पर्वत, पूर्वेला समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून खाली असलेला मृत समुद्र, दक्षिणेला नेगेव वाळवंट आणि पश्चिमेला भूमध्य समुद्राची किनारपट्टी. भूमध्यसागरी प्रदेश, मध्य आशियाचे गवताळ माळ आणि अरबी वाळवंट या तिन्हींच्या वनस्पती इथे एकमेकींना भेटतात. काही तासांच्या प्रवासात ओकच्या जंगलातून बाभळीच्या वाळवंटात पोहोचता येते.

आरोनसन तिथे कसे पोहोचले?

त्यांचा जन्म १८७६ मध्ये रोमानियात एका ज्यू कुटुंबात झाला. ते सहा वर्षांचे असताना कुटुंब पॅलेस्टाईनमध्ये आले. हा भाग तेव्हा ऑटोमन तुर्की साम्राज्यात होता. कार्मेल डोंगरावरील झिख्रोन याकोव्ह या नव्या वसाहतीत त्यांचे बालपण गेले. वसाहतीला मदत करणारे बॅरन एडमंड द रॉथशिल्ड यांनी त्यांना शेतीच्या शिक्षणासाठी फ्रान्समधील ग्रिन्यों येथे पाठवले.

परतल्यावर त्यांनी देश पिंजून काढला. घोड्यावर फिरून झाडे गोळा करायची, वाळवायची आणि माती, खडक, पाण्याच्या नोंदी ठेवायच्या, हा त्यांचा दिनक्रम झाला.

रानगहू कसा सापडला?

हर्मोन परिसरात १८५५ मध्ये गोळा केलेला एक नमुना व्हिएन्नाच्या संग्रहात होता. त्यात रानटी जवाबरोबर गव्हासारखे काहीतरी आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख क्योर्निके यांच्या १८७३ मध्ये लक्षात आले. पण एका वाळलेल्या नमुन्यावरून खात्री कशी होणार? झाड प्रत्यक्ष उगवताना सापडणे आवश्यक होते. हे काम करण्याचा आग्रह जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी आरोनसन यांच्याकडे धरला.

पहिला प्रयत्न फसला. जून १९०६ मध्ये गॅलिलीतील रोश पिना गावाजवळ, खडकाच्या फटीत त्यांना एक रोप दिसले. तो रानगहू होता. पुढे हर्मोनच्या उतारांवर तो मुबलक सापडला.

हा शोध महत्त्वाचा का?

रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटून विखुरते. कुसळांच्या मदतीने दाणा जमिनीत रुततो आणि पुढच्या पावसात उगवतो. झाडासाठी हे सोयीचे, पण कापणी करणाऱ्यासाठी नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने न विखुरणाऱ्या ओंब्यांचे बी जपायला सुरुवात केली. त्यातून खपली गहू तयार झाला. पुढे त्यापासून शेवया-पास्त्याचा बन्सी गहू आला. या लागवडीच्या गव्हाचा एका रानटी गवताशी संकर होऊन आजचा पोळीचा गहू जन्मला.

आरोनसन यांना यात भविष्य दिसले. खत-पाण्याशिवाय खडकात तगणाऱ्या या गव्हाचे गुण लागवडीच्या गव्हात आणता येतील, अशी मांडणी त्यांनी केली. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९१० मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेतील ज्यू देणगीदारांच्या पैशातून हैफाजवळ अतलित येथे त्यांचे प्रयोग केंद्र सुरू झाले.

मग ते हेर का झाले?

१९१५ मध्ये टोळधाडीने पॅलेस्टाईनची पिके फस्त केली. तुर्की सेनापती जमाल पाशा यांनी नियंत्रण मोहीम आरोनसन यांच्याकडे सोपवली. या कामामुळे त्यांना देशभर फिरण्याची मुभा मिळाली. त्याच काळात आर्मेनियन लोकांच्या हत्याकांडाच्या बातम्या येत होत्या. आपल्यावरही हीच वेळ येईल, या भीतीने त्यांनी भावंडे आणि मित्रांसह ब्रिटिशांसाठी ‘निली’ हे हेरजाळे उभारले. भूजलाची आणि वाटांची त्यांची माहिती ब्रिटिश सैन्याच्या कामी आली.

किंमत मोठी होती. तुर्कांच्या सूडाच्या भीतीने अनेक ज्यू रहिवाशांनीही या गटाला विरोध केला. १९१७ मध्ये संदेश नेणारे कबुतर तुर्कांच्या हाती लागले आणि धरपकड सुरू झाली. आरोन तेव्हा देशाबाहेर होते. त्यांची बहीण सारा पकडली गेली. छळ सोसूनही ती बोलली नाही. अखेर तिने स्वतःवर गोळी झाडली. ती २७ वर्षांची होती. गटातील दोघांना दमास्कसमध्ये फाशी झाली.

शेवट कसा झाला?

१५ मे १९१९ रोजी पॅरिस शांतता परिषदेच्या कामासाठी लंडनहून निघालेले त्यांचे विमान इंग्लिश खाडीत कोसळले. मृतदेह सापडला नाही. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. पॅलेस्टाईनच्या वनस्पतींवरचे त्यांचे लेखन अपुरेच राहिले. त्यांच्या नोंदी आणि नमुन्यांवरून इतरांनी नंतर ग्रंथ प्रसिद्ध केले.

आज काय उरले?

त्यांची अपेक्षा खरी ठरायला अनेक दशके लागली. पिवळ्या तांबेऱ्याला रोखणारे ‘वायआर १५’ आणि दाण्यातील प्रथिने वाढवणारे ‘जीपीसी-बी १’ ही जनुके रानगव्हातूनच मिळाली. २०१७ मध्ये रानगव्हाचा संपूर्ण जनुकीय आराखडा जाहीर झाला.

मात्र असे गुण एकाच रोपात एकवटलेले नसतात. एका उतारावरचा रानगहू दुसऱ्या उतारावरच्या रानगव्हापेक्षा वेगळा असतो. उतारावर घरे-रस्ते झाले, तर तिथला वाण कायमचा जातो. म्हणूनच बियाणे शीतगृहात ठेवण्याबरोबर ते मूळ जागी जपण्याचेही प्रयत्न होतात. गॅलिलीतील अम्मियाद येथे १९८४ पासून रानगव्हाचा असा अभ्यास सुरू आहे. आरोनसन यांना पहिले रोप सापडले ते रोश पिना तिथून जवळच आहे.