निवृत्तीनंतर विद्यापीठ काढणारे कर्वे

१८७५ ची गोष्ट. एक मुलगा कोकणातल्या मुरूडहून भर पावसात, घाट तुडवत, परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेला. पण तो १७ वर्षांचा वाटत नाही, म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे.

मॅट्रिक होईपर्यंत ते २३ वर्षांचे झाले. (पंचविशीतच ‘उशीर झाला’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी नोंद घ्यावी.) पुढे ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. तीन वर्षांनी त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. आश्रम हिंगण्याला गेल्यावर कॉलेज संपवून ते रोज तिथे पायी जायचे.

१९१४ मध्ये ते निवृत्त झाले. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ मध्ये, ५८ व्या वर्षी, त्यांनी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. पहिल्या वर्गात मुली होत्या फक्त ५! आज ते एसएनडीटी म्हणून ओळखलं जातं.

सत्तरीत ते विद्यापीठाच्या निधीसाठी जगभर फिरले. ७८ व्या वर्षी नवं काम हाती घेतलं, खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्याचं.