फुलांच्या तारखा टिपणारा थोरो

जखम अगदी किरकोळ होती. १८४२ सालच्या पहिल्याच दिवशी वस्तऱ्याला धार लावताना जॉन थोरोचे बोट कापले आणि दहा दिवसांत धनुर्वाताने त्याचा प्राण घेतला. तो गेला तो धाकट्या भावाच्या, हेन्रीच्या मिठीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड गावात या भावांनी मिळून शाळा चालवली होती, स्वतः बांधलेल्या होडीतून नदीप्रवास केला होता. काही दिवसांतच हेन्रीच्या अंगातही धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. जखम मात्र कुठेच नव्हती. शोकानेच शरीराचा ताबा घेतला होता. हेन्री त्यातून वाचला, पण १८३७ पासून तो लिहीत असलेली रोजनिशी काही आठवडे कोरी राहिली.

हेन्री डेव्हिड थोरो म्हटले की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे कर नाकारल्याबद्दल १८४६ मध्ये भोगलेली एका रात्रीची कोठडी आणि त्यातून जन्मलेला, पुढे गांधीजींनी वाचलेला निबंध. दुसरी म्हणजे वॉल्डन तळ्याकाठची झोपडी. दुर्गाबाई भागवतांच्या अनुवादामुळे ही झोपडी मराठी वाचकांच्याही ओळखीची आहे. तापत्या पृथ्वीच्या बातम्यांनी मन खचत असताना मानसोपचारतज्ज्ञ निसर्गात वेळ घालवण्याचा आणि लिहिते राहण्याचा सल्ला देतात. थोरोच्या आयुष्याची तिसरी, कमी परिचित बाजू नेमकी हीच आहे.

१२ जुलै १८१७ रोजी जन्मलेला हा मुलगा पेन्सिली बनवणाऱ्या बापाचा. हार्वर्डमधून पदवी घेऊन तो गावातच परतला. पेन्सिलीच्या धंद्यात मदत आणि जमीनमोजणी यांवर त्याने पोट भरले. रोजनिशी लिहिण्याची प्रेरणा त्याला गावातलेच विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन यांच्याकडून मिळाली.

४ जुलै १८४५ रोजी तो इमर्सन यांच्या जमिनीवर, तळ्याकाठी राहायला गेला. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब खोली. खर्च अठ्ठावीस डॉलर आणि काही सेंट. त्याला संन्यासी ठरवण्याची हौस अनेकांना असते, ती फारशी खरी नाही. गाव चालत जाण्याइतके जवळ होते, आगगाडी तळ्याला खेटून धावत होती आणि आईच्या हातचे जेवणही त्याला वर्ज्य नव्हते. तिथे तो भगवद्गीता वाचत असे. पण तळ्याकाठचे त्याचे मुख्य काम वेगळेच होते: जॉनबरोबरच्या नदीप्रवासाचे पुस्तक लिहिणे. त्या पुस्तकात भावाचे नावही येत नाही, तरी ते सारे त्याच्यासाठीच आहे. १८४९ मध्ये निघालेल्या हजार प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने चार वर्षांनी परत पाठवल्या.

आणखी एक ओझे त्याच्या मनावर होते. एप्रिल १८४४ मध्ये त्याच्या हातून लागलेल्या आगीत सुमारे तीनशे एकर रान जळाले होते. गावकरी ते विसरले नाहीत. या आगीविषयी रोजनिशीत सविस्तर लिहायला त्याला १८५० साल उजाडावे लागले.

त्याच सुमारास त्याची रोजनिशी बदलली. विचारांची जागा नोंदींनी घेतली. रोज दुपारी तो चार-चार तास भटके. टोपीच्या आत वनस्पती ठेवायला त्याने खास कप्पा केला होता. कोणते फूल कोणत्या दिवशी प्रथम उमलले, तळ्यावरचा बर्फ कधी फुटला, कोणता पक्षी कधी परतला, हे तो टिपत गेला. एखाद्या फुलाची तारीख चुकू नये म्हणून एकाच झुडपाकडे पुनःपुन्हा फेऱ्या मारी. अशा पाचशेहून अधिक जातींच्या नोंदी त्याने केल्या. रोजनिशी वीस लाख शब्दांपर्यंत पोहोचली.

हे सारे तो रान तुटत असताना करत होता. शेती, सरपण आणि रेल्वे यांनी कॉन्कर्डची झाडी विरळ केली होती. तो संतापे, हळहळे. पण मग तुटलेल्या बुंध्याशी बसून वर्तुळे मोजू लागे. पाइन तोडल्यावर तिथे ओक का उगवतात, याचे उत्तर त्याला खारींनी पुरलेल्या बियांत सापडले आणि १८६० मध्ये त्याने ते व्याख्यानातून मांडले. माझ्या मते त्याचा धीर या कुतूहलातूनच आला.

त्याच वर्षी डिसेंबरात सर्दीचे निमित्त झाले आणि क्षय बळावला. नोंदींचे मोठमोठे तक्ते करून कॉन्कर्डचे ऋतुपंचांग सिद्ध करायचे त्याच्या मनात होते, ते अपुरे राहिले. ६ मे १८६२ रोजी, ४४व्या वर्षी, ऐन वसंतात तो गेला.

ते तक्ते दीड शतकानंतर बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रिमॅक आणि त्यांचे सहकारी अब्राहम मिलर-रशिंग यांच्या हाती लागले. त्यांनी कॉन्कर्डमध्ये तीच फुले पुन्हा शोधली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती सरासरी आठवडाभर आधी फुलत असल्याचे दिसले. थोरोने पाहिलेल्या जातींपैकी सुमारे चतुर्थांश गावातून नाहीशा झाल्या होत्या. २०१२ च्या विक्रमी उष्ण वसंतात तर, तपासलेल्या ३२ जाती थोरोच्या काळापेक्षा सरासरी तीन आठवडे आधी फुलल्या.