पंडिता रमाबाई : उघड्या दाराची उपासना

पुण्याच्या शारदा सदनात १८९०नंतरच्या दोन-तीन वर्षांत रोज एका खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी उघडे असे. खोली संस्थेच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांची. आत त्या आपली मुलगी मनोरमा आणि ख्रिस्ती सहकारी यांच्यासह बायबल वाचीत, प्रार्थना करीत. सदनातील हिंदू मुलींना तेथे बोलावणे नव्हते आणि मज्जावही नव्हता. हळूहळू काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. या एका उघड्या दारावरून पुण्यात जे वादळ उठले, त्याने महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या एका मोठ्या प्रयत्नाची दिशाच बदलून टाकली.

घरची उपासना गोव्याच्या वाचकाला नवी नाही. एका घरात दिवेलागणीला शुभंकरोती, शेजारच्या घरात तेर्स. दोन्हीकडे मूल आधी शब्द शिकते. अर्थ पुढे केव्हातरी येतो, कधी येतही नाही. हे शब्द मुलाला कोणी द्यायचे, आईने, धर्मसंस्थेने, की समाजाने, हा प्रश्न बहुतेक घरांत कधी उपस्थित होत नाही. रमाबाईंच्या आयुष्यात तो पुन्हा पुन्हा उपस्थित झाला, आणि प्रत्येक वेळी त्यांची जागा बदललेली होती.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, अरण्यातल्या आश्रमात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैष्णव परंपरेतील विद्वान. स्त्रीने संस्कृत शिकावे या मतासाठी त्यांनी शास्त्री मंडळींचा रोष ओढवून घेतला आणि आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना स्वतः शिकविले. वडील थकले तेव्हा धाकट्या रमेला शिकविण्याचे काम आईकडे आले. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे लक्ष्मीबाई झोपेतल्या मुलीला जवळ घेऊन जागे करीत आणि श्लोक म्हणवून घेत. रमाबाईंना पुढे हजारो श्लोक मुखोद्गत होते, त्यांची पहिली शाळा ही अशी आईच्या कुशीतली होती. कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत असे, देवळांत पुराणे सांगत असे आणि मिळेल त्या दक्षिणेवर जगत असे. १८७०च्या दशकातील दुष्काळात होते नव्हते ते व्रतवैकल्यांत आणि दानात संपले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. ज्या देवांची घराने एवढ्या निष्ठेने सेवा केली, त्यांनी घर राखले नाही, ही सल रमाबाईंच्या मनात त्याच काळी रुजली.

भावंडे पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढची चार वर्षे वेगाने गेली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा मृत्यू झाला. तेवीस वर्षांची विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली. तिने आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री वैद्यांची निकड मांडली.

इंग्लंडमधील वाँटेज या गावच्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन संघाच्या भगिनी तेव्हा पुण्यात पंच हौद भागात काम करीत होत्या. (याच पंच हौद मिशनमधील चहापानावरून १८९० साली टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले.) नेहेम्या गोरे यांचाही प्रभाव याच सुमारास रमाबाईंवर पडू लागला. पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री गोरे हे काशीतील चित्पावन पंडित. १८४८ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि आता ते अँग्लिकन धर्मगुरू होते. त्यांच्याही घराची कथा विलक्षण आहे. पत्नी लवकर निवर्तली, आणि मुलगी एलन लक्ष्मी ही इंग्रज कुटुंबांत वाढून इंग्रजीतील भक्तिगीतांची कवयित्री झाली. धर्मांतरित घरातील मूल कोणाच्या भाषेत देवाशी बोलेल, या प्रश्नाचे एक उत्तर रमाबाईंच्या डोळ्यांसमोर होते.

१८८३ मध्ये रमाबाई मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांच्यासह इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे आणि त्या बदल्यात भारतात जाऊ इच्छिणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे, असा बेत होता. श्रवणदोषामुळे वैद्यकी बारगळली. त्याहून दारुण म्हणजे आनंदीबाईंनी तेथे आत्महत्या केली. या धक्क्यानंतर, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि अडीच वर्षांच्या मनोरमेलाही देवविला.

त्यांच्या धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई पत्रांतून आजीबाई म्हणत. मराठी घरातील नाते त्यांनी वाँटेजच्या मठात नेले होते. आजीबाई प्रेमळ होत्या, मनोरमेवर त्यांचा खराखुरा जीव होता, आणि पुढची तीव्र भांडणे याच प्रेमातून उभी राहिली. रमाबाईंनी मुलीला बाप्तिस्मा दिला म्हणजे तिला चर्चच्या हाती सोपविले, आता तिची धार्मिक जडणघडण चर्चच्या शिकवणीनुसारच व्हायला हवी, अशी जेराल्डिन यांची धारणा होती. अँग्लिकन परंपरेत बालकाचा बाप्तिस्मा ही एका दिवसाची गोष्ट नाही. धर्मपालक मुलाच्या वतीने वचन देतात, मूल वाढताना श्रद्धेची सूत्रे आणि प्रश्नोत्तरी शिकते आणि वयात आल्यावर बिशपसमोर ते वचन स्वतःच्या तोंडाने दृढ करते. नित्याच्या उपासनेचा क्रम, वर्षभराचे उपवास आणि सण, सगळे प्रार्थनापुस्तकात आखून दिलेले असते. मुलाने नेमके काय मानायचे, हेही बऱ्याच अंशी त्यातच ठरते.

रमाबाई येथेच अडल्या. त्रिमूर्तीपर देवत्वाचा सिद्धान्त आणि अथनेशियसच्या नावाने ओळखले जाणारे श्रद्धासूत्र त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते, आणि न पटलेली गोष्ट म्हणायला त्या तयार नव्हत्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे का, लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असे त्या विचारीत. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. हे सगळे त्यांच्यापुरते असते तर भगिनींनी कदाचित सोसले असते. परंतु जे मला मान्य नाही ते माझ्या मुलीला शिकवू नये, असा त्यांचा आग्रह होता. मनोरमा आपल्या देशातील माणसांत मिसळणारी, त्यांच्यावर प्रेम करणारी हिंदी मुलगी म्हणूनच वाढावी, अशी त्यांची इच्छा होती.

भगिनींना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र रमाबाईंशी समजुतीने चर्चा केली आणि त्यांना प्रश्न विचारू दिले. रमाबाई तेथे संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुषांनाही शिकवावे असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. जी स्त्री कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलली होती, तिला हे हास्यास्पद वाटले असल्यास नवल नाही. या वादांत जेराल्डिन यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. लहान मुलाला रोज नवा संशय शिकविता येत नाही, त्याला काहीतरी स्थिर द्यावे लागते, हे त्या अनुभवाने जाणत होत्या. रमाबाईंचे म्हणणे इतकेच होते, की ते स्थिर काहीतरी आईला वगळून देऊ नये.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथेच राहून व्याख्याने देत त्यांनी आपल्या नियोजित संस्थेसाठी निधी उभा केला. मनोरमेला त्यांनी वाँटेजला परत पाठविले, त्याच आजीबाईंकडे. एवढे भांडूनही मुलगी सोपवावी असे घर त्यांना दुसरे नव्हते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींतील बालविधवा गोदूबाई जोशी पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. संस्था धर्माबाबत तटस्थ राहील, असा रमाबाईंचा शब्द होता. हिंदू मुलींना आपापले सोवळे-ओवळे, व्रते पाळण्याची मोकळीक होती. मात्र स्वतःची उपासना लपवून करावी, हे रमाबाईंना मान्य नव्हते. १८९१च्या सुमारास त्यांना स्वतःलाही आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त सापडला नव्हता, अशी जाणीव झाली. त्यानंतर त्यांच्या प्रार्थनेला नवी ओढ आली आणि खोलीचे दार उघडे राहिले.

पालक अस्वस्थ झाले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुली काढून नेण्यात आल्या. वाँटेजमध्ये रमाबाईंनी आई म्हणून जो हक्क मागितला होता, तोच हक्क आता पुण्यातील पालक त्यांच्याकडे मागत होते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. त्यांनी कोणावर सक्ती केली नाही, हे खरे. तथापि ज्या बाईने आश्रय दिला, अक्षर दिले, सन्मान दिला, तिच्या खोलीचे उघडे दार हे आश्रित मुलीच्या दृष्टीने केवळ दार राहत नाही. रानड्यांसारखा मवाळ आणि धर्मनिष्ठ माणूस दूर झाला, तो निव्वळ लोकनिंदेच्या भयाने झाला असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध कडक झाल्यावर केडगावच्या शेतजमिनीवर छपरे उभी राहिली, त्यांचे मुक्ती सदन झाले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळात तेथे आणखी शेकडो मुली आल्या आणि वस्तीची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. आता तटस्थतेचा शब्द राहिला नव्हता. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती, मात्र कोणत्याही एका पंथाची नव्हती. प्रार्थनापुस्तकाची चौकट रमाबाईंनी वाँटेजलाच ठेवली होती. मुली जमिनीवर बसत, मराठीत भजने गात. १९०५ मध्ये येथे जे भावजागरण झाले, त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत-प्रार्थना करीत. शिस्तप्रिय ख्रिस्ती मंडळींना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो थांबविला नाही.

या मुलींच्या धर्माबद्दल विचारायला कोणाचे आईवडील उरले नव्हते. मुलीवर आईचा हक्क सांगणाऱ्या रमाबाई आता दोन हजार मुलींच्या आई होत्या आणि संस्कार त्याच ठरवीत होत्या. त्यांच्या दोन भूमिकांचा येथे पुरता मेळ बसत नाही. दुष्काळाच्या वाटेवरून उचललेल्या मुलीला आधी अन्न हवे होते, हे मान्य करूनही तो बसत नाही.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी एका कामाला दिली. उपलब्ध मराठी बायबलची भाषा शिकल्यासवरल्यांची आहे, केडगावच्या शेतावर काम करणाऱ्या बाईला ती कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. संस्कृत पंडितेने संस्कृतप्रचुर मराठी बाजूला सारण्याचा हा प्रसंग आपल्या वाङ्मयेतिहासात फारसा चर्चिला गेलेला नाही. खिळे जुळविणे, छापणे, ही कामे मुक्तीतील मुलींनीच केली.

मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून आईच्या हाताखाली काम करू लागली. तिने मुक्तीतील शाळा सांभाळली आणि गुलबर्ग्यास मुलींच्या शिक्षणाचे काम उभे केले. आईच्या मागे मुक्तीचा भार तीच घेणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीत, ती वारली. रमाबाईंचीही प्रकृती तोवर ढासळली होती, तरी त्यांनी भाषांतराची मुद्रिते तपासणे सोडले नाही. शेवटची पाने तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

सिस्टर जेराल्डिन यांनी आपल्या संग्रहातील पत्रव्यवहार जपून, जुळवून ठेवला होता. तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. आई आणि आजीबाई या दोघींची मनोरमेवरून चाललेली हुज्जत त्यात पानोपानी वाचायला मिळते.