लोहाराच्या पोराने फिरवलेली तांब्याची चकती : मायकेल फॅरेडे



मागच्या आठवड्यात आमच्या अड्याळचे एक पालक शाळेत आले. हातात मोबाईल. व्हिडिओत एक माणूस पंख्याच्या पात्यांना लोहचुंबक चिकटवतो, बोटाने एक धक्का देतो, आणि पंखा फिरतच राहतो. बल्बही लागतो. ना लाइन, ना बॅटरी! त्यांचा मुलगा तसंच यंत्र घरी बनवणार म्हणून चुंबक आणि तांब्याच्या तारेसाठी पैसे मागत होता. द्यावे की नाही, हा त्यांचा प्रश्न.

मला पटकन उत्तर देता आलं नाही. नाही म्हणावं तर पोराची हौस मरते. हो म्हणावं तर खोट्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसतो. तुम्ही काय सांगितलं असतं? मी त्यांना मायकेल फॅरेडेची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी.

फॅरेडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, तेही सतत आजारी. घरात इतकी ओढाताण की एकेकाळी एक पाव त्याला आठवडाभर पुरवावा लागे. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडंफार गणित. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो पुस्तकं बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. तिथं सात वर्षं काढली. पण हा पोरगा बांधायला आलेली पुस्तकं नुसती बांधत नव्हता, वाचतही होता. विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं पुस्तक वाचून त्याला विज्ञानाचं वेड लागलं.

1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या मोठ्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने सगळं टिपून घेतलं, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्याचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींकडे पाठवलं. मार्च 1813 मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. पुढे डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासात त्याला नोकरासारखं वागवलं गेलं. तो शिकत राहिला.

आता मुद्द्याची गोष्ट बघा. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकसुई हलते, हे 1820 मध्येच कळलं होतं. मग उलट का होऊ नये? चुंबकापासून वीज का मिळू नये? फॅरेडेने अनेकदा प्रयत्न केले, हाती काही लागलं नाही. शेवटी 29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारा गुंडाळल्या. तेव्हा आजच्यासारखी आवरण असलेली तार सहज मिळत नव्हती, म्हणून वेढ्यांच्या मध्ये सुतळी आणि सुती कापड घातलं. अगदी घरगुती मामला! एका तारेत प्रवाह सुरू करताना आणि बंद करताना दुसऱ्या तारेशी जोडलेली सुई क्षणभर हलली.

ऑक्टोबरमध्ये त्याने तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर केला. सुई हलली. चुंबक थांबला की सुईही थांबली. मग मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवली, आणि चकती फिरते तोवर प्रवाह मिळत राहिला. हे जगातलं पहिलं विद्युत जनित्र. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या पिक्सीने हँडलने चुंबक फिरवून वीज काढणारं यंत्र बनवलं. कोराडीत कोळशाच्या वाफेने आणि आपल्या गोसेखुर्दला पाण्याने चक्र फिरतं, ते याच तत्त्वावर.

पण इथं फिरवणारा कुणीतरी आहे, हे विसरू नका. हात, वाफ किंवा पाणी. सायकलचा डायनामो चाकाला लावला की पायडल जड होतं, आठवतं ना? वीज घ्यायला लागलो की यंत्र फिरणाऱ्याला अडवतं. 1834 मध्ये लेंझने हा नियम मांडला. म्हणूनच बोटाने धक्का दिलेला पंखा थोड्या वेळात थांबतो. व्हिडिओत थांबत नसेल तर बॅटरी कुठेतरी लपवलेली आहे. हिशोब करा : धडधाकट माणूस सायकल मारून बराच वेळ साधारण 100 वॅट देऊ शकतो. म्हणजे एका युनिटला दहा तास! धानाला पाणी देणारा 5 एचपीचा पंप चालवायला अशी सदतीस माणसं लागतील.

अशा चमत्कारांशी फॅरेडेचाही सामना झाला होता. 1853 च्या सुमारास इंग्लंडमध्ये लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत, टेबल आपोआप सरके, आणि भुतं ते हलवतात असं मानलं जाई. फॅरेडे लोकांना हसला नाही. त्याने एक साधं उपकरण बनवून दाखवून दिलं की लोकांचे हातच नकळत टेबल ढकलतात. शिकलेली माणसंही यावर विश्वास ठेवतात, याचा दोष त्याने शिक्षणपद्धतीला दिला. तो दोष आजही आपल्या दारात आहे, गुरुजी!

फॅरेडे गणितात कच्चा होता. त्याच्या कल्पनांना गणिताचं रूप पुढे मॅक्सवेलने दिलं. मुलांसाठी नाताळची व्याख्यानं मात्र त्याने एकोणीस वेळा दिली. सर ही पदवी नाकारली, युद्धासाठी विषारी वायू बनवायला नकार दिला. 25 ऑगस्ट 1867 रोजी तो गेला.

त्या पालकांना मी शेवटी सांगितलं, पैसे द्या. चुंबक आणि तार घेऊ द्या. फक्त एक अट घाला : यंत्र कोण फिरवतंय, हे त्याने वहीत लिहायचं. शाळेतला गॅल्व्हनोमीटर आम्ही देऊ.

तुमच्या वर्गातही हा प्रयोग नक्की करून बघा. सुई हलली की मुलांचे चेहरे बघा.