भिल्ल पलटणीचा औट्रम

१ ऑगस्ट २०२३ पासून भारतीय भूदलांत ब्रिगेडियर व त्यावरील दर्जाच्या सर्व अधिकाऱ्यांस एकच गणवेश लागू झाला. टोपी, खांद्यावरील चिन्हें, कमरपट्टा आणि बूट यांत पलटणीपलटणींचा जो भेद असे, तो या दर्जापुरता मिटला. अशा फेरफारावर दोन तऱ्हांनीं बोलतां येतें. पलटणीची खूण गेली कीं अधिकाऱ्याचें पाणी गेलें, हें एक मत. आणि जो सर्व पलटणींचा झाला, त्याच्या डोक्यावर एकाच पलटणीची टोपी कशाला, हें दुसरें. आम्ही दुसऱ्या मताचे आहों, आणि आमचा साक्षीदार खानदेशांतूनच आणितों. तो परक्या सत्तेचा नोकर होता, हें विसरून मात्र नव्हे.

जेम्स औट्रम याचा जन्म इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत १८०३ सालीं झाला. तो दोन वर्षांचा असतां बाप वारला. सोळाव्या वर्षीं, १८१९ त, तो कंपनीच्या मुंबई सैन्यांत कॅडेट होऊन आला. शरीरानें तो ठेंगणा होता. नुसत्या डौलावर छाप पाडण्याची सोय त्यास नव्हती.

पेशवाई बुडून खानदेश कंपनीकडे आला, तरी सातपुड्यांतले व सह्याद्रींतले भिल्ल तिच्या हातीं आले नव्हते. सात वर्षें पलटणी धाडून झाल्या. अखेर १८२५ त एल्फिन्स्टनच्या सरकारनें तीन भिल्ल एजन्स्या नेमिल्या. आज ज्यास नंदुरबार जिल्हा म्हणतात, तेथील नंदुरबार व सुलतानपूर हे परगणे वायव्य एजन्सींत पडले. त्याच वेळीं भिल्लांचीच पलटण उभारण्याचें काम बावीस वर्षांच्या औट्रमकडे आलें. तिचें ठाणें धरणगांवीं झालें.

भिल्लांनीं तोंवर लष्करी डगला पाहिला होता तो बंदुकीमागेंच. औट्रम पहारा न घेतां नाइकांबरोबर त्यांच्या रानांत गेला आणि त्यांच्यांत राहिला. ब्रँडीही त्यानें भरपूर पाजली. आम्ही मद्यपानाचे वैरी असल्यामुळें हा उपाय आम्हांस रुचत नाहीं. परंतु झालें तें लपवून चरित्र लिहितां येत नाहीं. इतकें करून पहिल्या खेपेस हातीं लागले अवघे पांच जण! एकत्र गोळा करून सर्वांस ठार मारण्याचा हा डाव आहे, अशी आवई रानांत उठली होती.

पुढें त्यानें हे नवे शिपाई मालेगांवच्या छावणीवर नेले. तेथील पलटणींत उच्च जातींच्या शिपायांचा भरणा. ज्यांस जग चोर म्हणून हिणवी, त्यांस पाहून हे शिपाई हंसतील, अशी धास्ती होती. शिपाई हंसले नाहींत. त्यांनीं भिल्लांची भेट घेतली, पानसुपारी दिली, बरोबरीचे सैनिक म्हणून वागविलें. त्या पानसुपारीनें जो सैनिक घडला, तो भरजरी डगल्यानें घडता ना.

पण या कथेस दुसरी बाजू आहे. हीच पलटण १८३० त डांगांतल्या भिल्लांवर चालून गेली. कंपनीच्या नोकरींत सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ त तिच्यावरच उलटला. आणि खुद्द नंदुरबारांत ९ सप्टेंबर १९४२ रोजीं गणवेशधारी पोलिसांच्या गोळ्यांनीं शिरीषकुमारासह पांच किशोर पडले. गणवेशाचा गौरव करणाऱ्यांनीं, तो कोणाच्या हुकमानें चालला, हेंही पाहावें.

औट्रमनें १८३५ त खानदेश सोडला. कलात १८३९ च्या नोव्हेंबरांत पडल्यावर तो गणवेश उतरवून, अफगाणी वेष घेऊन, शत्रूच्या मुलुखांतून सोनमियानीच्या बंदराकडे उतरला. सिंध खालसा करणें त्यास अन्यायाचें वाटलें, म्हणून त्या लुटींतला आपला वांटा त्यानें धर्मादाय देऊन टाकिला. बडोद्यास रेसिडेंट असतां दरबारांतल्या लांचलुचपतीवर कडक लिहिलें, तें वरिष्ठांस न रुचून १८५१ त तेथून निघावें लागलें.

१८५७ च्या सप्टेंबरांत लखनौच्या वाटेवर तो हॅव्हलॉकहून वरिष्ठ होता. पण आधीं झुंजलेल्या हॅव्हलॉकचा मान जाऊं नये म्हणून त्यानें सेनापतित्व आपण होऊन त्याच्याकडेच ठेविलें, आणि स्वतः स्वयंसेवक घोडेस्वारांत सामील झाला. स्वारांनीं हल्ला केला, तेव्हां या सेनानीच्या हातांत तरवार नव्हती. जाड वेताची काठी होती.

तो १८६० त हिंदुस्थान सोडून गेला, ११ मार्च १८६३ रोजीं फ्रान्सांतील पो या गांवीं वारला, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत पुरला गेला. कलकत्त्यास फोली या मूर्तिकारानें केलेला त्याचा घोड्यावरील पुतळा आहे. घोडा आवरून, मागें वळून पाहणारा औट्रम त्यांत बोडका आहे. पण हातांत तरवार दिलेली आहे.