अख्खी मुंबई एका माणसाकडे बघून शेअर घेत होती, आणि 1865 ला अख्खी मुंबई बुडाली

एखाद्या क्रिप्टो कॉइनचा भाव चढायला लागला की व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर एकच चौकशी सुरू होते, मोठे खेळाडू काय घेतायत? भाव नेमका कशामुळे चढतोय, हे विचारणारे थोडेच.

हे सगळं नवीन वाटत असेल, तर 160 वर्षांपूर्वीच्या मुंबईत चला. तिथे सगळं शहर ज्यांच्याकडे बघून पैसे लावत होतं, त्यांचं नाव प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचा जन्म 1831 चा, सुरतचा. कुटुंब मुंबईला आलं आणि पोरगं इंग्रजी शिकलं. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी शेअर दलाल म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण त्यांची खरी ताकद होती ती बातमीची. असं सांगतात की, विलायतेची डाक आणणारं जहाज बंदराला लागायच्या आधीच त्यांची माणसं होडी घेऊन समुद्रात जायची आणि कापसाच्या भावाची खबर घेऊन यायची. बाजार अंदाज बांधत असायचा, तेव्हा प्रेमचंद यांना भाव माहीत असायचा.

अशातच 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग त्यांनी मोर्चा वळवला मुंबईकडे. भाव असे भडकले की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असे किस्से आहेत.

पुढची चार वर्षं मुंबईत नुसता पैसा वाहत होता. हा पैसा लावायचा कुठे? तर नव्या कंपन्यांमध्ये. जानेवारी 1865 पर्यंत शहरात 31 बँका, 16 फायनान्शियल असोसिएशन आणि समुद्रात भराव टाकून जमीन काढणाऱ्या वगैरे 8 जमीन कंपन्या झाल्या होत्या. त्यात सगळ्यात गाजली बॅक बे रेक्लमेशन. तिच्या 5 हजारांच्या शेअरचा भाव 50 हजारांच्या आसपास गेला. तोवर जमीन मात्र बरीचशी पाण्याखालीच होती.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. त्यांचं नाव असलं की शेअर उचलला जायचा. बँक ऑफ बॉम्बेमध्ये त्यांचं वजन एवढं, की त्यांच्या शब्दावर कर्जं मिळायची. बँक शेअर तारण ठेवून पैसे द्यायची आणि त्याच पैशातून लोक आणखी शेअर घ्यायचे.

भाव युद्धामुळे वाढलेत, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे युद्ध संपलं की काय होणार, हेही उघड होतं. पण तो हिशोब करायचं कुणी मनावर घेतलं नाही. प्रेमचंद आहेत म्हटल्यावर हिशोब कशाला? आणि ज्यांनी स्वतः खबर काढून पैसा कमावला होता, ते प्रेमचंदही त्याच लाटेवर बसून राहिले.

9 एप्रिल 1865 ला दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली. बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. बाजारातले बरेच सौदे वायद्याचे होते, म्हणजे आज भाव ठरवायचा आणि पैसे पुढच्या तारखेला चुकते करायचे. ती तारीख होती 1 जुलै 1865. त्या दिवशी पैसे द्यायला कुणाकडेच काही नव्हतं. बँक ऑफ बॉम्बेचा एकेकाळी 2,850 रुपयांवर गेलेला शेअर 87 रुपयांवर आला. पुढे ती बँकच गुंडाळावी लागली. प्रेमचंदही बुडाले.

पण त्यांची गोष्ट इथे संपली नाही. तेजी असताना, 1864 साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचं, म्हणजे राजाबाईंचं नाव द्यायचं ठरलं. बाकीचा कागदावरचा पैसा उडून गेला, पण 1878 साली राजाबाई टॉवर पूर्ण झाला. प्रेमचंद यांनी नव्यानं दलाली सुरू केली. 1875 साली दलालांची जी संघटना उभी राहिली, जिचा पुढे मुंबई शेअर बाजार झाला, तिच्या संस्थापकांतही त्यांचं नाव येतं. 1906 साली ते गेले.

1865 ला बुडालेल्यांत अडाणी लोक नव्हते. व्यापारी होते, बँकवाले होते, सरकारी अधिकारीही होते. त्यांना कापूस कळत होता, फक्त त्यांनी स्वतः विचार करायचं काम दुसऱ्यावर सोपवलं होतं.

त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर एखाद्या कॉइनचं नाव आलं, तर कोण घेतंय हे नंतर बघा. आधी दोन गोष्टी स्वतः शोधा. हा भाव कशाच्या जोरावर उभा आहे, आणि ते कारण उद्या संपलं तर तुमच्या हातात काय उरेल?